हळू चालणारा पुढे

ऑर्विल टॉर्गरसनच्या गॅरेजात कुणीही रायफल घेऊन आलं, तरी ऑर्विल आधी रायफलीला हात लावायचा नाही. कॉफी ओतायचा, स्टूल पुढे सरकवायचा आणि विचारायचा, "कशासाठी?" समोरचा म्हणायचा, अरे ट्रिगर बदलायचाय, कारखान्यातून आलेला फार खरखरतो. ऑर्विल म्हणायचा, ते कळलं, पण कशासाठी? हरणासाठी की कागदी निशाणासाठी, उन्हात की बर्फात, बसून की चालून, हातात मोजा असणार की उघडं बोट, हे सगळं समजल्याशिवाय तो एकाही ट्रिगरचं नाव काढायचा नाही. कोल्टर बेंडमधल्या निम्म्या लोकांना या प्रश्नाचा वैताग होता. लाव्होन, त्याची बायको, तर म्हणायची की चर्चमध्ये लग्न लावतानाही यानं पाद्र्याला हेच विचारलं असतं.

पण ऑर्विलचं म्हणणं साधं होतं. टेबलावर रायफल टेकवून, खुर्चीत बसून निशाणाला भोकं पाडणाऱ्याला हलका ट्रिगर हवा. बोट टेकलं न टेकलं की गोळी सुटली पाहिजे, म्हणजे रायफल हलत नाही. तोच ट्रिगर डोंगरात नेला तर माणूस जीव घेईल, आणि तो हरणाचा नसेल. नोव्हेंबरात, जाड मोज्यात, गारठलेल्या बोटाला काही कळत नसतं. तिथे तीन-साडेतीन पौंड जोर लावायला लागेल असा ट्रिगर हवा, म्हणजे बोटाने मनापासून ओढल्याशिवाय न सुटणारा. लग्नाचे बूट आणि गोठ्यातले बूट एकाच माणसाचे असले तरी तो ते अदलून-बदलून घालत नाही, असं तो सांगायचा. लाकूड कापायची सॉ मिल बंद पडल्यापासून हेच त्याचं काम होतं आणि त्यात त्याचा जीव रमायचा.

सप्टेंबरातल्या एका दुपारी वेंडेल प्रुइट आपली रायफल घेऊन आला, तेव्हा मात्र ऑर्विलने प्रश्न नुसता सवयीने विचारला. वेंडेलला काय विचारायचं? दोघं मिलमध्ये एकाच पाळीला, दोघांच्या रायफली एकाच वर्षी एकाच दुकानातून घेतलेल्या, नंबर सोडले तर एकीचा भाग दुसरीला बसेल अशा. मधली काही वर्षं वेंडेल डाकोटात तेलाच्या विहिरींवर होता, तेवढी सोडली तर प्रत्येक शरद ऋतूत दोघं एकाच तंबूत झोपलेले. लाव्होनपेक्षा वेंडेलचं घोरणं आपल्या जास्त ओळखीचं आहे, असं ऑर्विल म्हणायचा.

"क्लबासाठी," वेंडेल म्हणाला. "गुडघ्यामुळे यंदा डोंगर नाहीच. म्हटलं, शनिवारी टेबलावर बसून निदान कागद तरी फाडावेत."

ऑर्विलला ऐकून बरं वाटलं. त्याच्या स्वतःच्या खुब्यानेही दगा दिलेला होता. नाताळ झाल्यावर ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरने बजावून ठेवलं होतं की त्यानंतर सपाटीवर हवं तेवढं चाल, पण डोंगरउतार विसर. शनिवारी दोघंही शेजारी शेजारी बसू, असं त्याच्या मनात आलं. फळीवरून त्याने एक छोटा डबा काढला आणि म्हणाला की क्लबासाठी हाच, फुंकर मारली तरी सुटेल असा हलका.

वेंडेलने डबा हातात घेऊन उलटापालटा केला. याला सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, आहे का, म्हणून विचारलं. ऑर्विल म्हणाला की टेबलावरच्या ट्रिगरला सेफ्टी लागते कशाला, पण हवी असली तर तसाही येतो. मग वेंडेलने विचारलं, सेफ्टी लावल्यावर बोल्टचा दांडा बंद राहील ना? आणि गारठ्यात काही अडकायचं नाही ना? आणि फार हलका नाही ना होणार?

एवढे प्रश्न वेंडेलने आयुष्यात कधी विचारले नव्हते. बोल्ट बंद ठेवणारी सेफ्टी लागते ती झुडपातून सरपटताना, नाहीतर रायफल घोड्याच्या खोगिराला लटकवलेल्या कातडी म्यानात असताना, फांदीला दांडा अडकून उघडू नये म्हणून. टेबलावर कुठली फांदी? आणि पहिला बर्फ पडला की क्लबाला कुलूप लागतं, मग गारठा कुठला? ऑर्विलच्या मनात हे येऊन गेलं. पण वय झालं की माणूस भित्रा होतो, असं म्हणून त्याने ते झटकून टाकलं. आपल्या माणसाचा संशय घ्यायला मनाला वेळ लागतो, आणि ऑर्विलचं मन त्या बाबतीत फारच सुस्त होतं. सेफ्टीवाला हलका ट्रिगर मागवतो, आठवड्याने ये, असं त्याने सांगितलं. बायकोने, आर्लीनने, भाजून दिलेला हकलबेरीचा 'पाय', म्हणजे रानफळांची गोड पेस्ट्री, वेंडेलने भांड्यासकट टेबलावर ठेवला आणि तो गेला. जाताना तो लंगडत होता, हेही ऑर्विलने पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं.

आता टॅमरॅकचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं दुखणं तिथलं आहे. टॅमरॅकच्या खोऱ्यात मोठ्या शिंगांचा एल्क, घोड्याएवढं ते हरीण, मारायचा, तर राज्याच्या सोडतीत परवाना लागावा लागतो. ज्या वर्षी लागत नाही त्या वर्षाचा एक गुण नावावर चढतो, आणि गुण जितके जास्त तितकी पुढच्या वेळी आशा जास्त. दोघांनी मिळून जोडअर्ज भरला तर दोघांच्या गुणांची सरासरी धरतात. लागला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. ऑर्विलच्या नावावर गुणांचा ढीग होता. वेंडेलने डाकोटाच्या वर्षांत अर्जच केले नव्हते, त्याचे गुण ओंजळभर. लाव्होन दर वर्षी कपाळाला हात लावायची. म्हणायची, अरे बाबा, एकट्याने भर, कधीच लागेल तुझा. ऑर्विल म्हणायचा, लागला तरी तिथे जाऊन करू काय, स्वतःशी गप्पा? आणि दर वर्षी वेंडेलला बरोबर घेऊन बुडायचा.

यंदा मात्र त्याने मनाशी ठरवलं होतं की हा शेवटचा शरद. पाय धड आहेत तोवर एकदा टॅमरॅक बघायचं, वेंडेलबरोबर. गेल्या हिवाळ्यातच त्याने स्वतःच्या रायफलीसाठी ट्रिगर निवडला होता, महिनाभर विचार करून. पोलादी, कोरडा, तेलाची गरज नसलेला, म्हणजे गारठ्यात तेल घट्ट होऊन अडकायला नको. जाड मोज्याचं बोट मावेल असा रुंद. बोल्ट बंद ठेवणारी सेफ्टी असलेला. तो ड्रॉवरमध्ये ठेवून तो सोडतीची वाट बघत होता. मग मार्चमध्ये वेंडेल त्यांच्या स्वयंपाकघरात आला, गुडघा चोळत बसला आणि म्हणाला की यंदा राहू दे, माझा गुडघा काही चढू देणार नाही. आपण दोघंही परवान्याच्या भानगडीत न पडता नुसता गुण घेऊ, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ऑर्विलला चढता येणार नव्हतं, हे वेंडेलला ठाऊक होतं. डॉक्टरकडे गाडी चालवत त्याला तोच घेऊन गेला होता.

ऑर्विल "बरं" म्हणाला. मित्राचा गुडघा दुखतो, तर आपण एकटे जायचं? त्याने नुसता गुण घेतला आणि ड्रॉवर लावून टाकला. लाव्होन त्याच्याशी एक दिवस बोलली नाही.

नवा हलका ट्रिगर आला. ऑर्विलने वेंडेलच्या रायफलीचा जुना काढला, नवा बसवला, आणि स्क्रू घट्ट करत होता तेव्हा फोन वाजला. आर्लीन होती. बडबडी, मायेची, मनात काही न ठेवणारी बाई. पायचं भांडं परत हवंय म्हणाली, घाई नाही म्हणाली, आणि मग म्हणाली की दोघांच्या सामायिक तंबूची पोतडी तुझ्याच गॅरेजात आहे ना, ती वेंडेल रायफल न्यायला येईल तेव्हा त्याच्या गाडीत टाक.

"तंबू कशाला?" ऑर्विलने विचारलं.

"अरे, टॅमरॅकला. ग्रेडी व्हॉसकडे घोडे आहेत सगळे, पण तंबू काही धड नाही." ट्रॅक्टरचं दुकान चालवणारा ग्रेडी, वेंडेलचा नवा मित्र. आर्लीनचा आवाज मऊ झाला. "ऑर्विल, तू मोठ्या मनाने मागे सरलास ना, ते मला वेंडेलने सांगितलं. म्हणाला, ऑर्विलनेच सांगितलं, माझा खुबा गेला, तू दुसऱ्याबरोबर अर्ज भर. मी तर रडलेच. असा मित्र कुणाला मिळतो?"

ऑर्विल काय बोलला ते त्याला नंतर आठवेना. बहुतेक "हो" म्हणाला असावा. भांडं धुवून ठेवतो म्हणाला, एवढं नक्की. फोन ठेवल्यावर तो स्टुलावर बसला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच हातात राहिला. माणसाने लबाडी करावी, मान्य आहे, जग लबाडीवर चालतं. पण लबाडी करून वर त्याच माणसाकडून रायफल दुरुस्त करून घ्यावी? आणि त्याचाच मोठेपणा गावभर सांगावा, म्हणजे त्याला तक्रार करायलाही तोंड राहू नये? केसाने गळा कापतात तो असा.

मग त्याने हिशोब मांडला, आणि तो मांडला नसता तर बरं झालं असतं. ग्रेडीचे गुण भरपूर होते, हे गावाला माहीत होतं. पण ऑर्विलचे त्याहून कमी नव्हते. ग्रेडीबरोबरच्या अर्जाला जेवढी आशा होती, तेवढीच ऑर्विलबरोबरच्यालाही यंदा होती. म्हणजे प्रश्न गुणांचा नव्हता. वेंडेलला परवाना हवा होता आणि लंगडा सोबती नको होता, एवढंच. वेंडेलच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

दोघांचा एक नियम होता. डोंगरात चालताना जो हळू चालतो तो पुढे. म्हणजे मागे कुणी राहत नाही, धाप कुणाला लपवावी लागत नाही, आणि जोरात चालणाऱ्याला आपोआप सबुरी येते. सुरुवातीची सगळी वर्षं वेंडेल पुढे असायचा. तेव्हा तो सिगारेटी ओढायचा, दर दोनशे पावलांना थांबून खोकायचा, त्याच्या खोकल्याने एल्क दुसऱ्या डोंगरावर जायचे, आणि ऑर्विल त्याच्यामागे उभा राहून दऱ्या बघत बसायचा. एका शब्दाने तो कधी बोलला नव्हता. मग वेंडेलने सिगारेट सोडली, ऑर्विलचा खुबा झिजला, आणि गेल्या तीन-चार वर्षांत ऑर्विल पुढे आला. पाठीमागे वेंडेल आणि त्याची भरलेली रायफल. जिच्या पुढे आपण पाठ करून चाललो ती हीच, आता समोर टेबलावर पडलेली.

नवा हलका ट्रिगर तिच्यात बसलेला होता. रायफल रिकामी आहे याची त्याने दोनदा खात्री करून घेतली, खुंटीवरचा जाड मोजा हातात चढवला, रायफल उचलली आणि बोट आत घातलं. ओढलं नाही, नुसतं घातलं. टक्कन आवाज झाला. त्याने पुन्हा बोल्ट मागे-पुढे केला, पुन्हा बोट घातलं. पुन्हा टक्. बोटाला कळायच्या आत.

त्याच्या मनात जे आलं ते काही देवमाणसाच्या मनात यावं असं नव्हतं. वेंडेलनेच तर क्लब म्हणून सांगितलं होतं. सांगितलं तसंच दिलं, असं म्हणायला ऑर्विल मोकळा होता. खोट्या कामाला खोटा ट्रिगर. टॅमरॅकच्या उतारावर बर्फात पाय घसरेल, मोज्याचं बोट आत जाईल, आणि पुढे कोण चालत असेल? ग्रेडी असेल. किंवा ग्रेडी जोरात चालणारा निघाला तर पुढे वेंडेल असेल आणि त्याच्या पाठीमागे दुसऱ्या कुणाची रायफल, असं ऑर्विलच्या मनात फिरत राहिलं. लाव्होन जेवायला हाक मारून गेली. सूप निवलं. शेवटी त्याने मोजा काढला, हलका ट्रिगर खोलून बाजूला ठेवला आणि ड्रॉवर उघडला.

शनिवारी वेंडेल आला. लंगडत आला, पण गाडीतून उतरून दोन पावलं टाकल्यावर मग त्याला लंगडायचं आठवलं. ऑर्विलने ते खिडकीतून बघितलं. पूर्वी त्याने बघितलं नसतं. तंबूची पोतडी दाराशी काढून ठेवलेली होती. ती बघून वेंडेल थबकला, मग काहीच न बघितल्यासारखा आत आला आणि हवेविषयी बोलू लागला. ऑर्विलने कॉफी ओतली नाही.

रायफल टेबलावर होती. वेंडेलने ती उचलली, रिकामी बघितली, खांद्याला लावली आणि भिंतीकडे नेम धरून चाप हळूच दाबला. हलका म्हणून हळूच. काही झालं नाही. त्याने आणखी जोर लावला, आणखी, आणि मग टक्. रायफल खाली घेऊन तो ऑर्विलकडे बघू लागला.

"हा तो नाही."

"नाही. मोजा घालून बघ." ऑर्विलने खुंटीवरचा मोजा त्याच्यापुढे टाकला.

वेंडेलने मोजा घेतला नाही. "मी क्लबासाठी सांगितलं होतं, ऑर्विल."

"मला माहीत आहे तू काय सांगितलं होतंस. हा गारठ्यात अडकत नाही. मोज्याचं बोट मावतं. म्यानात बोल्ट बंद राहतो. तुला हवं होतं ते सगळं आहे यात. बसवायला काही त्रास पडला नाही, आपल्या दोघांच्या रायफली सारख्याच. टॅमरॅकसाठी मी माझ्या रायफलीला घेतला होता तो."

आर्लीनने सांगितलं का, असं वेंडेलने विचारलं. ऑर्विल म्हणाला की आर्लीनने तंबू मागितला, बाकी सगळं तुझ्याच प्रश्नांत होतं, मलाच उशिरा कळलं. मग वेंडेल बोलायला लागला, आणि एकदा लागला की थांबेना. ग्रेडीनेच विषय काढला होता. सांगणारच होतो, पण सांगायचं कसं. तुझा खुबा बघवत नाही मला. तिथे काही झालं असतं तर तुला खाली कुणी आणलं असतं? तुझ्या भल्यासाठीच. पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ, जवळपास कुठेतरी, सपाटीवर. बोलता बोलता त्याने पैसे काढायला खिशात हात घातला.

"खिशातला हात काढ," ऑर्विल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण वेंडेलने हात काढला. "नको म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं. ऑर्विल, तुझ्याबरोबर नाही जमणार, तू हळू चालतोस, एवढं तोंडावर म्हणाला असतास तर मी शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बोललो नसतो, आणि मग एकट्याने अर्ज भरला असता. तू मला भरूही दिला नाहीस."

वेंडेल खाली बघत होता.

"तू खोकत होतास तेव्हा मी तुझ्यामागे चाललो. किती वर्षं ते तूच आठव. मग मी पुढे आलो आणि तू मागे, भरलेली रायफल घेऊन. मी एकदाही वळून बघितलं नाही, वेंडेल. गरजच वाटली नाही."

वेंडेल रायफल घेऊन निघाला. दारात पोतडी उचलली. तंबूतली लोखंडी शेगडी कुठे आहे, असं विचारायला त्याने तोंड उघडलं असावं, कारण ऑर्विल म्हणाला, "शेगडी माझी आहे. ती राहील." वेंडेलने मान हलवली आणि गाडीकडे गेला. लंगडला नाही.

गाडीचा आवाज पुलापलीकडे गेल्यावर लाव्होन कॉफीचे दोन कप घेऊन गॅरेजात आली. काय झालं ते तिने विचारलं नाही, भिंतीच्या पलीकडून तिने सगळं ऐकलं होतं. एरवी तिने मी तुला सांगितलं होतं म्हणून सुरुवात केली असती. आज ती स्टुलावर बसली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने नाक पुसलं आणि कपाटातून आपली स्वतःची रायफल काढून टेबलावर आडवी ठेवली.

हलका ट्रिगर अजून तिथेच पडलेला होता, डब्याशेजारी. ऑर्विलने तो तळहातावर घेतला, पण बसवायला लागला नाही. आधी सवयीने त्याच्या तोंडून प्रश्न निघाला, अगदी हळू, रायफलीकडे बघून.

"कशासाठी?"

लाव्होनने त्याच्याकडे बघितलं.

"क्लबासाठी," शेवटी तो म्हणाला. "टेबलावर बसून." आणि त्याने जुना ट्रिगर काढायला सुरुवात केली.